वहिनीला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, ते नाटक नाही

कोल्हापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊ ३४ वर्षांचा, वहिनी ३१ची. भाऊ साधारण दोन वर्षं एमडी ही उत्तेजक नशा घ्यायचा. वहिनीने त्याच्यानंतर वर्षभराने सुरू केलं, रात्री जागून शिवणाच्या ऑर्डरी पुऱ्या होतात आणि वजनही उतरतं म्हणून. काही महिन्यांपूर्वी थोड्या दिवसांच्या अंतराने दोघांनाही सायकोसिस झाला, म्हणजे भास आणि खोटे संशय सुरू झाले. भावाला पोलीस मागावर आहेत असं वाटायचं, समोरच्या गच्चीवर माणसं दिसायची. वहिनीला शेजारणी भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतायत असं ऐकू यायचं, अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटायचं. दोघांनाही रिस्पेरिडोन हे सायकोसिसचं औषध ४ मिलीग्राम सुरू झालं, दोघांनीही एमडी सोडलं. भाऊ महिन्याभरात कामावर जायला लागला. वहिनीचे भास थांबले, पण मिक्सर, कुकरची शिट्टी, हॉर्न, पोरांचा आरडाओरडा यांनी ती अजून दचकते, कान दाबून आतल्या खोलीत जाऊन बसते. सुरुवातीला पाळीच्या आधी हे वाढायचं. आता चार महिने पाळीच आलेली नाही आणि त्रास रोजचा झालाय. घरातले म्हणतात, 'त्याला काय होत नाही, मग हिलाच कसं हुतंय?' ताईंना विचारायचंय की बाईच्या आणि पुरुषाच्या मेंदूवर या नशेचा परिणाम वेगळा होतो का, आणि याची तपासणी कोल्हापुरात कुठे होते.

ताई, मोठं उत्तर द्यायच्या आधी या आठवड्यात करायची दोन कामं सांगतो. वहिनींची प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्या, आणि ती निगेटिव्ह असेल तर रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, तपासा. कोल्हापुरातल्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये ही तपासणी होते. सकाळी उठल्याउठल्या लगेच रक्त देऊ नका, उठून एखाद-दोन तास जाऊ द्या, कारण झोपेत प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं. चार महिने पाळी बंद असणं ही गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे असू शकते. का ते पुढे येईल. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा.

आता मूळ मुद्दा. आपल्या कानांवर दिवसभर जे पडतं त्यातलं बहुतेक मेंदू वरपर्यंत पोचूच देत नाही. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ, शेजारच्यांचा टीव्ही, सगळं ऐकू येत असतं पण जाणवत नाही. ही गाळणी आपण ठरवून चालवत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीवर आपोआप उघडतात आणि मिटतात, कुणी बटण दाबायला जात नाही, तसं मेंदूचं हे काम चालतं. म्हणून वहिनींना 'तू तिकडं लक्षच देऊ नकोस' असं सांगण्यात अर्थ नाही. लक्ष द्यायचं की नाही हे ठरण्याच्या आधी, सेकंदाच्या काही शतांश भागात हा व्यवहार उरकलेला असतो.

हे मोजता येतं. माणसाला अचानक १०० डेसिबलच्या वरचा आवाज ऐकवला की डोळे मिटतात. पापणीच्या स्नायूवर छोटे इलेक्ट्रोड लावून ते मिटणं किती जोराचं होतं हे पाहतात. पण त्या मोठ्या आवाजाच्या साधारण १०० मिलिसेकंद आधी एक हलका आवाज वाजवला, तर दचकणं बरंच कमी होतं. पहिला आवाज पचवत असताना मेंदू दुसऱ्याला अडवतो. याला प्रीपल्स इन्हिबिशन म्हणतात. १९७८मध्ये अमेरिकेत डेव्हिड ब्रॅफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हे अडवणं कमी पडतं. दुसरी एक पद्धत आहे. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन टिकटिक ऐकवायच्या आणि डोक्यावरच्या तारांमधून मेंदूचा प्रतिसाद मोजायचा. निरोगी मेंदू दुसऱ्या टिकटिकीला फारशी किंमत देत नाही, 'हे आत्ताच ऐकलंय' म्हणून सोडून देतो. सायकोसिसमध्ये दोन्हींना जवळपास सारखीच किंमत मिळते. अशा माणसाला प्रत्येक शिट्टी पहिली शिट्टी असते.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, या सगळ्यात कुठून शिरतं? ते अ‍ॅम्फेटामाइनच्या कुळातलं आहे. चेतापेशींमधून डोपामाइन आणि सेरोटोनिन ही मेंदूतली रसायनं मोठ्या प्रमाणात बाहेर ओततं. डोपामाइनचं एक महत्त्वाचं काम म्हणजे 'हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ' अशी खूण करणं. भारतात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३मध्ये फार नेमकेपणाने मांडलं की सायकोसिसमध्ये ही खूण भलत्याच गोष्टींवर पडायला लागते. शेजारची कुजबुज, गच्चीवरची सावली, पाठीमागे थांबलेली गाडी, सगळं अर्थपूर्ण वाटायला लागतं, आणि त्या अर्थाची जुळवाजुळव करताना मन गोष्ट रचतं. भावाची पोलिसांची गोष्ट आणि वहिनींची शेजारणींची गोष्ट, दोन्ही अशाच जुळलेल्या. नशेमुळे आणि स्किझोफ्रेनियामुळे होणारा सायकोसिस इतका सारखा दिसतो, हे लंडनच्या फिलिप कॉनेल यांनी १९५८मध्येच ४२ रुग्णांच्या नोंदींतून दाखवलं होतं. उंदरांना अ‍ॅम्फेटामाइन दिलं की तीच दचकण्याची गाळणी ढिली पडते, आणि सायकोसिसची औषधं दिली की ती पुन्हा जागेवर येते. प्राण्यांवर हा परिणाम इतका भरवशाचा आहे की नवी औषधं शोधताना कंपन्या तोच वापरत आल्या. माणसांत मात्र सगळं इतकं सरळ नाही. ज्याची गाळणी मुळात घट्ट आहे त्याची ढिली होते, ज्याची मुळातच ढिली आहे त्याच्यात फारसा फरक दिसत नाही किंवा उलटाही दिसतो. म्हणजे औषध कुणाच्या मेंदूत पडतंय यावर बरंच ठरतं.

आणि इथेच बाई-पुरुषाचा प्रश्न येतो.

कुठलीही नशा न करणाऱ्या, कुठलाही आजार नसलेल्या तरुण माणसांत ही चाचणी केली तर पुरुषांची गाळणी सरासरीने अधिक घट्ट दिसते. सॅन दिएगोच्या स्वर्डलो यांच्या गटाने १९९०च्या दशकात हे दाखवलं, पुढे इतरांनाही तसंच दिसलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या पुढच्या कामात आहे. बाईची गाळणी महिनाभर एकसारखी राहत नाही. पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत ती पुरुषांच्या जवळपास येते, आणि बीज बाहेर पडल्यानंतरच्या पंधरवड्यात ढिली होते. त्याच बाईची, त्याच खोलीत, त्याच आवाजाला. पुरुषात असा महिन्याचा चढउतार नाही. वहिनींनी स्वतःच्या अंगावर जे ओळखलं होतं, की पाळी जवळ आली की आवाज सोसत नाही, त्याच्याशी हे जुळतं. घरात कुणी त्यावर विश्वास ठेवला नसेल, पण त्यांची नोंद बरोबर होती.

मात्र यावरून 'बायकांचा मेंदू नाजूक' असा निष्कर्ष कुणी काढू नका. लंडनमध्ये वीणा कुमारी आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये जुन्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची तीच चाचणी स्त्री आणि पुरुष वेगळे करून पाहिली. आजारी पुरुष निरोगी पुरुषांच्या तुलनेत स्पष्टपणे मागे होते. आजारी स्त्रिया आणि निरोगी स्त्रिया यांच्यात तसा फरक दिसला नाही. त्याआधी कितीतरी वर्षं 'स्किझोफ्रेनियात गाळणी बिघडते' असं आम्ही शिकत आणि शिकवत होतो, आणि त्या अभ्यासांत पुरुषांचा भरणा जास्त होता. पुरुषांवरून काढलेला नियम सगळ्यांचा म्हणून चालत राहिला. अमेरिकेत १९७७च्या एका मार्गदर्शक सूचनेने मूल होण्याच्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं होतं, ती १९९३मध्ये उठली. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही नर उंदीरच सोयीचे, मादीच्या चक्राची कटकट नको, ही सवय मोडण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला २०१६मध्ये नियम लागू करावा लागला. मला हे नुसतं इतिहास म्हणून सांगायचं नाही. तुमच्या घरात 'त्याला होत नाही मग हिला कसं होतं' असं जे म्हणतात ना, तेच वैद्यकशास्त्रानेही फार काळ म्हटलं.

उत्तेजक नशेचं काय? दोन गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या आहेत. एक, पहिल्या वापरापासून व्यसन लागेपर्यंतचा प्रवास बायकांत बहुतेकदा कमी काळात होतो. वहिनींनी वर्षभर उशिरा सुरू केलं आणि भावाबरोबरच कोसळल्या, हे मला अजिबात नवल वाटत नाही. दुसरी, अ‍ॅम्फेटामाइनची 'किक' बाईला महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक चढत असताना, जास्त लागते. दुसऱ्या अर्ध्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक ती थोडी दाबतं. शिकागोत जस्टिस आणि डी विट यांनी १९९९मध्ये निरोगी स्त्रियांवर हे पाहिलं. मादी उंदरांच्या मेंदूत इस्ट्रोजेनमुळे डोपामाइन जास्त सुटतं हेही बऱ्याच प्रयोगांत दिसलंय.

मग मेंदूच्या स्कॅनमध्ये बायकांत जास्त डोपामाइन दिसायला हवं. २००६मध्ये मन्रो आणि सहकाऱ्यांनी तेच पाहिलं, आणि निघालं उलट: अ‍ॅम्फेटामाइन दिल्यावर पुरुषांमध्ये डोपामाइन कितीतरी जास्त सुटलं, विशेषतः मेंदूच्या आनंद-बक्षिसाच्या भागात. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला वेगळ्या पद्धतीने पाहिल्यावर काही भागांत बायकांचं पारडं जड दिसलं. हे वाचून बरेच जण गोंधळतात. मला यातून एवढंच ठामपणे घ्यावंसं वाटतं की 'कुणाला जास्त' हा प्रश्नच अपुरा आहे. मेंदूचा कुठला भाग, महिन्याचा कुठला दिवस, किती महिने नशा झाली होती, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही. हे सगळे अभ्यास प्रामुख्याने अ‍ॅम्फेटामाइनवरचे आहेत. एमडी त्याच रस्त्याने जातं, पण सेरोटोनिनवर त्याचा हात अधिक जड असतो, आणि सेरोटोनिनचाही या गाळणीशी संबंध आहे.

आता इस्ट्रोजेनकडे येऊ, कारण वहिनींची गोष्ट तिथे फिरते.

हे संप्रेरक नशेची गोडी वाढवतं म्हणालो, पण सायकोसिसच्या बाबतीत त्याची दुसरी बाजू आहे: ते बऱ्याच अंशी संरक्षण करतं. जर्मनीतल्या मानहाइममध्ये हाइन्झ हेफ्नर यांनी मोठ्या संख्येने रुग्ण अभ्यासले तेव्हा दिसलं की स्त्रियांत स्किझोफ्रेनिया पुरुषांपेक्षा साधारण तीन ते पाच वर्षं उशिरा सुरू होतो, आणि पंचेचाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास, स्त्रियांत आणखी एक छोटी लाट येते जी पुरुषांत नसते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन धाडकन खाली येतं, आणि दर हजारी एक-दोन बायकांना त्याच काळात सायकोसिस होतो. पाळीच्या आसपासच्या दिवसांत मनोविकारासाठी दाखल होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जवळपास दीडपट असतं, असं २०२०च्या एका एकत्रित विश्लेषणात निघालं. मेलबर्नमध्ये काम करणाऱ्या डॉ. जयश्री कुलकर्णी यांनी २००८मध्ये १०२ स्त्रियांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला: सायकोसिसच्या नेहमीच्या औषधाबरोबर काहींना इस्ट्रोजेनचा चिकटपट्टा, बाकीच्यांना रिकामा. अठ्ठावीस दिवसांत इस्ट्रोजेनवाल्या गटाचे भास आणि संशय जास्त उतरले. याचा अर्थ वहिनींना इस्ट्रोजेन आणून लावा असा मुळीच नाही. त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, गर्भाशय आणि स्तनांवर परिणाम होतात. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनी मिळून, फार थोड्या रुग्णांसाठी घ्यायचा असतो. मला दाखवायचंय ते एवढंच की इस्ट्रोजेन खाली गेलं की मेंदूचं एक कवच पातळ होतं.

आणि रिस्पेरिडोन नेमकं तेच करू शकतं. हे औषध चांगलं आहे, मी रोज लिहितो. पण ते डोपामाइन अडवतं, आणि डोपामाइनच पिट्युटरी ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिनला आवर घालत असतं. आवर सुटला की प्रोलॅक्टिन चढतं, त्याने बीजकोशाला मिळणारा संदेश थांबतो, इस्ट्रोजेन घसरतं, पाळी बंद होते, कधी छातीतून दूध येतं. पुरुषांतही प्रोलॅक्टिन वाढतं, पण बायकांत जास्त, आणि बाईची पाळी थांबते ती सगळ्यांना दिसते. भावाची कामेच्छा कमी झाली असेल तर तो कुणाला सांगणार नाही. तेव्हा माझा अंदाज असा: सुरुवातीला वहिनींना महिन्यातले काही दिवस त्रास व्हायचा, कारण त्यांच्या संप्रेरकांचा चढउतार चालू होता. आता चढउतारच थांबलाय, इस्ट्रोजेन कायम खाली असण्याची शक्यता आहे, आणि म्हणून त्रास रोजचा झाला असावा. प्रोलॅक्टिनचा आकडा आला की हा अंदाज टिकतो की पडतो ते कळेल. स्त्रियांत दर मिलिलिटरला साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत ठीक धरतात. रिस्पेरिडोनवर तो याच्या कितीतरी पट झालेला मी पाहतो.

आकडा वाढलेला असेल तर तुमच्या डॉक्टरांपुढे दोन-तीन वाटा असतात. डोस कमी करणं. नशेमुळे झालेल्या, आता शमलेल्या सायकोसिसला ४ मिलीग्राम कायम लागतीलच असं नाही. किंवा अ‍ॅरिपिप्राझोलसारखं प्रोलॅक्टिन न वाढवणारं औषध जोडणं वा त्याच्यावर हळूहळू जाणं. अ‍ॅरिपिप्राझोलने काहींना पाय स्वस्थ न बसण्याची तगमग होते, ती वहिनींच्या जुन्या बेचैनीत मिसळली तर पुन्हा 'नाटक' म्हणायला नको म्हणून आधीच सांगून ठेवतो. एक गोष्ट बहुतेक घरांत कुणी सांगत नाही: प्रोलॅक्टिन उतरलं की पाळी परत सुरू होण्याआधीसुद्धा गर्भ राहू शकतो. गर्भ नको असेल तर सोय त्याच दिवसापासून करा. आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवायला आणि फिट्सवर देतात ते औषध) सुचवलं गेलं तर डॉक्टरांना जरूर विचारा की दुसरा पर्याय नाही का. त्याने पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका मोठा आहे.

नवरा-बायको दोघांना एकच गोळी, एकच डोस, हे ऐकायला न्याय्य वाटतं. शरीरात तसं होत नाही. झोपेच्या झोल्पिडेम या गोळीचा बायकांसाठीचा डोस अमेरिकेत २०१३मध्ये थेट निम्मा केला, कारण सकाळी त्यांच्या रक्तात ती जास्त उरत होती. ओलान्झापाइन आणि क्लोझापाइन या सायकोसिसच्या औषधांचंही त्याच डोसला बायकांच्या रक्तातलं प्रमाण जास्त भरतं. त्यात आपल्याकडची आणखी एक गंमतीची नव्हे, गंभीर भानगड आहे. विडी-सिगारेटचा धूर यकृतातल्या एका विकराला चेतवतो आणि ही दोन्ही औषधं लवकर जाळून टाकतो. मशेरी लावणाऱ्या किंवा तंबाखू चघळणाऱ्या माणसात हे होत नाही, कारण ते काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. नवरा सिगारेट ओढणारा आणि बायको मशेरी लावणारी असेल, तर दोघांची 'तंबाखूची सवय आहे' एवढीच नोंद करून चालत नाही. वहिनी मशेरी लावतात का ते विचारा. दोन टिकटिकींच्या त्या चाचणीत निकोटिनने गाळणी थोडा वेळ सुधारते असं दिसलंय, त्यामुळे पुष्कळ रुग्ण नकळत त्याचा आधार घेतात आणि उतार लागला की आवाज आणखी टोचतो.

आता एक असा भाग, जो मी नणंदेला लिहितोय म्हणून जास्त जपून लिहितो. आवाजाने दचकणाऱ्या प्रत्येक बाईचं कारण नशा किंवा संप्रेरकं नसतं. मी अशा रुग्णाशी पहिली काही मिनिटं एकटीशी बोलतो, सासू, नवरा, नणंद, कुणी खोलीत नको. घरात मारहाण होत असेल, नशेच्या काळात तिच्यावर कुणी जबरदस्ती केली असेल, तर दार आपटलं की अंग उडतं ते त्या भीतीने. यात गाळणीपेक्षा दचकण्याचा जोरच वाढलेला असतो, आणि त्याचा उपचार वेगळा. एमडी देणारा कोण होता, पैसे कसे फिटायचे, हे तिला विचारायची हिंमत घरात बहुधा कुणी केलेली नसते. तुम्हीही विचारू नका. फक्त डॉक्टरांकडे तिला एकटीला बोलायला मिळेल एवढी व्यवस्था करा.

याशिवाय मायग्रेन पाहावं लागतं, कारण तो बायकांत पुरुषांच्या जवळपास तिप्पट असतो, पाळीशी जोडलेला असतो आणि त्यात आवाज-उजेड नकोसा होतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, कानाचा दाह, रात्रीची तुटकी झोप, हे सगळं तपासून घ्यावं.

तपासणीबद्दल विचारलंत. प्रीपल्स इन्हिबिशन आणि दोन टिकटिकींची चाचणी ही संशोधनाची साधनं आहेत. शंभर आजारी आणि शंभर निरोगी यांच्या सरासरीतला फरक ती दाखवतात. एका माणसाचं निदान त्यावर होत नाही, निरोगी माणसांचे आकडेही फार पसरलेले असतात. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठेही कुणी 'ब्रेन मॅपिंग करून नशेचं नुकसान टक्क्यांत सांगतो' म्हणाला तर पैसे घालू नका. त्यापेक्षा एक वही करा. रोज रात्री तीन ओळी: आज कुठल्या आवाजाने त्रास झाला आणि किती, झोप किती तास, पाळीचा कितवा दिवस (आली नसेल तर तसं). दोन महिन्यांची ही वही माझ्या टेबलावर आली तर मला स्कॅनपेक्षा जास्त कळतं. खरं तर मनोविकाराच्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर पाळीची तारीख रक्तदाबासारखी दर भेटीला लिहिली जावी, असं मला मनापासून वाटतं. आमच्याच विषयात ती फार कमी लिहिली जाते.

लघवीच्या तपासणीवरही फार विसंबू नका. बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्ट्यांत एमडी बहुतेकदा सापडत नाही. निगेटिव्ह आलं म्हणून नशा नाही असं होत नाही, आणि वहिनींवर संशय घेऊन रोज पट्टी करायला लावणं तर सोडूनच द्या.

घरात काय करायचं? मिक्सर लावायच्या आधी आवाज द्या, 'लावतोय गं'. हे साधं वाटतं, पण अनपेक्षित आवाज आणि सांगून येणारा आवाज यांना मेंदू वेगवेगळं वागवतो. स्वतः मिक्सर लावला तर त्याचा त्रास आणखी कमी होतो, म्हणून बटण तिलाच दाबू द्या. कापसाचे किंवा फोमचे बोळे गर्दीत, लग्नात, एसटी स्टँडवर तासाभरासाठी ठीक. दिवसभर घातले तर कान आणि मेंदू शांततेला सरावतात आणि साधा आवाजही मोठा वाटायला लागतो. त्याऐवजी रोज थोडा वेळ मंद, सारखा आवाज, पंखा किंवा रेडिओ, आणि आठवड्या-आठवड्याने थोडा वाढवत जायचा. सकाळी रंकाळ्यावर चालायला न्या, तिथे आवाज आहेत पण अंगावर येणारे नाहीत. दुपारनंतर चहा नको. गणपतीत मात्र विसर्जनाच्या मिरवणुकीच्या रात्री महाद्वार रोडच्या आसपास राहत असाल तर तिला दोन दिवस गावाकडे पाठवा. डॉल्बीच्या भिंतींपुढे निरोगी माणसाची गाळणी टिकत नाही, तिची कशी टिकेल.

भावाबद्दल तुम्ही निर्धास्त दिसता, म्हणून सांगतो. अ‍ॅम्फेटामाइनच्या कुळातल्या नशेने सायकोसिस झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचं निदान पुढे स्किझोफ्रेनियात बदलतं, असं २०२०च्या मोठ्या विश्लेषणात आहे. एकदा सायकोसिस होऊन गेलेला मेंदू पुढच्या वेळी कमी मात्रेतही, नुसत्या जागरण आणि ताणानेही पेटू शकतो. हे जपानी डॉक्टरांनी युद्धानंतरच्या नशेच्या लाटेपासून नोंदवून ठेवलंय. कामावर गेला म्हणजे सुटला असं नाही. त्याची गोळी कधी आणि कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील, निदान वर्षभर त्याची भेट चुकवू नका. वहिनींवर मात्र लक्ष अधिक वर्षं ठेवावं लागेल, पुढची बाळंतपणं आणि पाळी जाण्याचा काळ धरून.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरं दवाखान्यात येत नाहीत. आपल्या भागात ही भीती समजण्यासारखी आहे, २०२१मध्ये चंदगड तालुक्यात एमडीचा कारखाना पकडला गेला, २०२४मध्ये कुपवाडला मोठा साठा सापडला, त्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. पण व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ खाली त्याला थोड्या प्रमाणातल्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यापासून संरक्षण मिळू शकतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, खर्च परवडत नसेल तर तिथे जा. रात्री-अपरात्री वहिनींना पुन्हा आवाज ऐकू यायला लागले, जेवण-झोप सुटली, जीव द्यायची भाषा आली तर सकाळची वाट बघू नका, तशाच उठून घेऊन जा. वाटेत फोनवर कुणाशी बोलायचं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.